वर्दी वेळेत पोहोचावी म्हणून

बंदरात लागलेल्या तेलवाहू जहाजावर आग लागू नये, आणि लागलीच तर ती पसरू नये, यासाठी पाळायचे नियम हा या पुस्तकाचा विषय आहे. ते लिहून झालं मात्र निरवांगीत, नीरेच्या काठावर. मुंबई बंदर इथून तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. आमच्याकडे टँकर म्हटलं की आधी उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर डोळ्यांपुढे येतो, मग दुधाचा, आणि अलीकडे साखर कारखान्यातून निघणारा इथेनॉलचा. मी वह्या भरतोय हे पाहून थोरल्या चुलतभावाने विचारलं, "इथं बसून जहाजाचं कशाला लिहितूस रं? वाचणार कोण?" प्रश्न रास्त होता. ही प्रस्तावना बरीचशी त्याच्यासाठी आहे.

तसा या मुलखाचा आणि जहाजांचा संबंध आजचा नाही. आमच्या शेजारचं वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसलं, त्या वालचंद हिराचंदांनी इथल्या माळावर साखर कारखाना उभारण्याच्या कितीतरी आधी, १९१९ मध्ये, नरोत्तम मोरारजींसारख्या सहकाऱ्यांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली होती. ग्वाल्हेरच्या महाराजांची 'लॉयल्टी' ही आगबोट त्यांनी विकत घेतली. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. त्यानंतर नऊ दिवसांनी, १४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिन येतो. गावात त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, सकाळपासून निळे झेंडे लागतात, संध्याकाळी मिरवणूक निघते. त्याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या गोदीत काय झालं, याची आठवण आमच्याकडे फारशी कुणी काढत नाही. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि कामगार खातं त्यांच्याकडे होतं. त्यांच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी गोदी कामगारांवर आणि बंबवाल्यांवर ती वेळ आली.

'फोर्ट स्टिकिन' हे मालवाहू जहाज बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं आणि १२ एप्रिलला मुंबईत येऊन व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागलं. त्याच्या पोटात चौदाशे टनांच्या घरात दारूगोळा होता. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गाठी चढल्या, वंगणाच्या तेलाची पिंपं चढली. शिवाय लाकूड, गंधक, राळ, मासळीचं खत, लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा. आमच्याकडे कापसाची गाठ पेटली तर आत विस्तव किती दिवस धुमसतो, हे जिनिंगमध्ये काम केलेला कुणीही सांगेल. तोच कापूस आणि तोच दारूगोळा एकाच कप्प्यात होता. जहाज धक्क्याला लागून दोन दिवस झाले तरी दारूगोळा उतरवणं सुरू झालं नव्हतं.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कप्प्यातून धूर दिसला. शेजारच्या जहाजांवरच्या काहींना तो त्याआधीच दिसला होता, पण गोदीत धूर दिसणं ही रोजचीच बाब. जहाजावर स्फोटकं असली की लाल बावटा लावायचा, हा जुना संकेत. युद्धाच्या धामधुमीत तो मागे पडला होता आणि फोर्ट स्टिकिनवर बावटा नव्हता. पहिले बंब साध्या आगीला यावेत तसे आले. बंबवाल्यांनी नळ्या लावल्या आणि कप्प्यात पाणी ओतायला सुरुवात केली. नऊशे टनांहून जास्त पाणी ओतलं गेलं. आग कुठे आहे ते वरून दिसत नव्हतं. बाहेरून जहाजाच्या पत्र्यावरचा रंग एका जागी फुगून सोलपटत होता, म्हणजे विस्तव तिथे आत होता. पत्रा कापून नळी आत घालायचा प्रयत्नही फसला. एक जण म्हणत होता जहाज इथेच बुडवा, दुसऱ्याचं म्हणणं ओढून खोल समुद्रात न्या, तिसऱ्याचं म्हणणं पाणी मारत राहा. शेवटचा शब्द कुणाचा, हे ठरलंच नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आतबाहेर दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आसपासची जहाजं गेली, सिंदिया कंपनीची 'जलपद्म'ही त्यांत गेली. मृतांचा आकडा आठशे ते तेराशे असा वेगवेगळा सांगतात, बेघर झालेल्यांचा ऐंशी हजार. अग्निशमन दलाचे ६६ जण कामावर असताना गेले.

मी हा प्रसंग पुष्कळदा वाचला आहे, आणि दर वेळी एकाच जागी अडखळतो. त्या कप्प्यात काय आहे, हे कळायला मार्ग नव्हता असं नाही. कप्तानाला ठाऊक होतं. माल कुठे लावला आहे याचा आराखडा जहाजावर होता. गोदीतल्या अधिकाऱ्यांना ठाऊक होतं. ज्याच्या हातात नळी होती, त्याच्यापर्यंत ते पोहोचायला वेळ लागला, आणि पोहोचलं तेव्हाही त्याला कुणी मागे हटायला सांगितलं नाही. आगीचा निरोप अग्निशमन दलाला जातो त्याला आम्ही 'वर्दी' म्हणतो. त्या दिवशी वर्दी अर्धीच गेली होती.

फोर्ट स्टिकिन तेलवाहू नव्हतं, हे मी लपवत नाही. तरी पुस्तकाची सुरुवात मी तिथूनच करतो आहे, कारण तेलवाहू जहाजांच्या नियमांचं जाडजूड बाड वाचताना मला सारखं जाणवत गेलं की त्यातला मोठा भाग आग विझवण्याचा नाहीच. एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला वेळेत कळावी, एवढ्यासाठी तो लिहिलेला आहे. दिवसा लाल बावटा, रात्री लाल दिवा कशासाठी? तर जवळून जाणाऱ्या मचव्यातल्या माणसालाही दुरूनच कळावं. जहाजाच्या राहत्या भागाबाहेर एक डबा बसवलेला असतो, पाऊस-पाणी आत न जाणारा, लाल रंगाचा. त्यात जहाजाचा अग्निशमन नकाशा असतो: कुठे कोणता दरवाजा, कुठे फेसाची यंत्रणा, कुठला व्हॉल्व्ह कशाचा. तो डबा जहाजावरच्या लोकांसाठी नसतो. त्यांना जहाज पाठ असतं. तो किनाऱ्यावरून धावत येणाऱ्या परक्या बंबवाल्यासाठी असतो. १९४४ मध्ये त्या ६६ जणांना नेमकं हेच मिळालं नव्हतं.

अशीच एक लोखंडी चकती असते. बाहेरचा व्यास १७८ मिलिमीटर, आतलं भोक ६४, चार बोल्ट. जगातल्या कुठल्याही देशाच्या जहाजावर आणि कुठल्याही बंदरात ही चकती याच मापाची असते. जहाजाचे पंप बंद पडले तर किनाऱ्याचं पाणी जहाजाच्या नळांत भरता यावं, म्हणून ती. नळ्यांची तोंडं प्रत्येक देशात निराळी, आटे निराळे, पण ही चकती दोघांच्या मध्ये बसते. आमच्या विहिरीवरचा पाइप आणि शेजारच्याचा पाइप जुळत नाहीत, ऐन पाळीच्या रात्री सायकलची ट्यूब गुंडाळून काम भागवावं लागतं, हे ज्याने केलंय त्याला या चकतीची किंमत सांगायला नको. मी धक्क्यावर नोकरीत होतो तेव्हा ती हातात घेऊन बघायचो. दोन-चार किलोचं लोखंड, पण ते जागेवर नसेल तर समुद्रात उभं राहूनही पाणी मिळत नाही.

आता तेलाकडे येतो. मुंबई बंदरात तेल उतरतं ते मुख्यतः दोन ठिकाणी, जवाहर द्वीपावर आणि चेंबूरच्या बाजूला पीर पाव इथे. जवाहर द्वीप म्हणजे जुनं बुचर बेट, घारापुरीच्या जवळ. माहूलचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले त्याच काळात, १९५०च्या दशकात, बेटावरचा तेलाचा धक्का झाला. मोठमोठी जहाजं कच्चं तेल घेऊन येतात आणि समुद्राच्या तळातून गेलेल्या नळांनी ते माहूलला जातं. बेटावर रस्त्याने बंब येऊ शकत नाही. जे लागेल ते तिथेच हवं किंवा पाण्यावरून यायला हवं. ६ ऑक्टोबर २०१७ च्या संध्याकाळी परतीच्या पावसात तिथल्या डिझेलच्या टाकीवर वीज पडली. ती आग विझवायला काही दिवस लागले आणि मुंबईकरांनी किनाऱ्यावरून तो काळा धूर पाहिला. परतीच्या पावसातली वीज आमच्या भागात दर वर्षी कुणाचं तरी जनावर, कुणाचा तरी माणूस नेते, त्यामुळे हे सांगताना गावात फार समजावून सांगावं लागत नाही. आभाळ भरून आलं, गडगडाट जवळ आला, की जहाजावर तेल घेणं-देणं थांबवायचं, टाक्यांची तोंडं आणि वाफेच्या वाटा बंद करायच्या, हा नियम आहे. तो पाळताना तास वाया जातो, जहाजाचं भाडं चढत राहतं, वरून फोन येतात. तरी तो पाळायचा असतो.

हे सगळं समजायला एक गोष्ट मनात पक्की बसवावी लागते: तेल जळत नाही, तेलाची वाफ जळते. आणि तीही हवेत विशिष्ट प्रमाणात मिसळली तरच. कच्च्या तेलाच्या वाफेचं प्रमाण हवेत साधारण एक टक्क्याच्या खाली असेल तर ती पेटत नाही, दहा टक्क्यांच्या वर असेल तरी पेटत नाही, मधल्या पट्ट्यात पेटते. म्हणून काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी झालेली टाकी जास्त घातकी. तेल गेलेलं असतं, वाफ राहिलेली असते आणि तेलाच्या जागी हवा आलेली असते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. पाटाचं पाणी जसं उतार शोधत जातं तशी ती डेकवरून खाली सरकते, खोलगट जागी साचते, दाराच्या फटीतून आत शिरते. वारा असला तर उडून जाते. वारा पडला की मात्र साचत राहते. १७ डिसेंबर १९७६ ला लॉस एंजेलिस बंदरात 'सॅन्सिनेना' जहाजाचं हेच झालं. तेल उतरवून झालं होतं, रिकाम्या टाक्यांत पाणी भरणं चालू होतं, त्या पाण्याने ढकललेली वाफ बाहेर येऊन डेकवर साचत गेली, वारा नव्हता, आणि कुठेतरी ठिणगी मिळाली. नऊ माणसं गेली.

त्याआधी, डिसेंबर १९६९ मध्ये, तीन अवाढव्य तेलवाहू जहाजांवर एकाच महिन्यात स्फोट झाले: 'मार्पेसा', 'मॅक्ट्रा' आणि 'किंग हाकोन सातवा'. तिन्ही समुद्रात होती आणि तिन्ही जहाजांवर रिकाम्या टाक्या धुण्याचं काम चाललं होतं. सिगारेट नव्हती, वेल्डिंग नव्हतं. जोरात मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्यातून टाकीत जे धुकं तयार होतं, त्या धुक्यावर विजेचा भार साचतो, हे तोवर कुणी नीट पाहिलंच नव्हतं. पाण्याने धुणं हेच ठिणगीचं संभाव्य कारण ठरलं. यातून पुढे टाकीत निष्क्रिय वायू भरण्याचा नियम आला. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर तो मोठ्या तेलवाहू जहाजांना लागू झाला, आणि १ जानेवारी २०१६ पासून बांधलेल्या आठ हजार टन आणि त्याहून अधिक क्षमतेच्या जहाजांनाही. जहाजाच्या बॉयलरचा धूर समुद्राच्या पाण्याने धुऊन, गार करून टाकीत सोडतात. त्यात ऑक्सिजन इतका कमी असतो की वाफ कितीही असली तरी पेट घेत नाही. टाकीतल्या हवेत ऑक्सिजन आठ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा आकडा धक्क्यावरच्या प्रत्येकाला पाठ असायला हवा.

पण तो आकडा आगीसाठी चांगला आणि माणसासाठी जीवघेणा. इथे मला आमच्या जुन्या पेवांची आठवण येते. जमिनीखालच्या पेवात धान्य साठवायचे. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड उघडं ठेवायचं, वाट बघायची, कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील विझला तर माणसाने उतरायचं नाही. बंद पडलेल्या विहिरीचंही तेच. जहाजाच्या टाकीत कंदील सोडायचा नसतो, तिथे मीटर सोडतात, पण विचार तोच. आत उतरण्याआधी ऑक्सिजन बाहेरच्या हवेइतका, म्हणजे एकवीस टक्के असला पाहिजे, वर एक जण उभा पाहिजे, आणि खालचा पडला तर वरच्याने एकट्याने उडी मारायची नाही. या शेवटच्या ओळीखाली मी पुस्तकात दोनदा रेघ मारली आहे. विहिरीत पडलेल्या भावाला काढायला उतरलेला भाऊही जातो, ही बातमी आपण दर दोन वर्षांनी वाचतो.

नियमांतला एक मला सुरुवातीला उलटा वाटला होता. आमच्या भागातल्या कारखान्यात इथेनॉलचा टँकर भरायच्या आधी त्याला अर्थिंगची तार चिमट्याने लावतात, हे अनेकांनी पाहिलं असेल. तेल नळीतून वाहताना विजेचा भार तयार होतो, तो जमिनीत जावा म्हणून ती तार. जहाजाला मात्र अशी तार जोडू नये असं सांगतात. जहाज खाऱ्या पाण्यात उभं असतं, त्याचं अर्थिंग आधीच झालेलं असतं. पण जहाजाचं लोखंड आणि धक्क्याचं लोखंड यांच्यात विजेचा फरक असतो, आणि नळी जोडताना किंवा काढताना नेमक्या त्या जागी ठिणगी उडू शकते. तार लावून हा प्रवाह थांबत नाही. म्हणून नळीच्या जोडात एक विद्युतरोधक फ्लँज बसवतात, जहाज आणि किनारा विजेच्या दृष्टीने तोडून टाकतात. टँकर लॉरीवरून धक्क्यावर कामाला आलेला माणूस इथे हमखास चुकतो, आणि चांगल्या हेतूने चुकतो. त्याला नुसतं 'तार लावू नको' म्हणून भागत नाही, का ते सांगावं लागतं. या पुस्तकात जिथे जिथे जमलं तिथे मी आधी 'का' लिहिलं आहे आणि मग 'काय'.

आता ज्या रात्रीमुळे हे पुस्तक लिहावंसं वाटलं, ती सांगतो. कुठला धक्का, कुठली कंपनी, ते सांगत नाही. पहाटे तीनचा सुमार. जहाजावरून नॅफ्था उतरत होता. नॅफ्था म्हणजे जवळपास पेट्रोलच. जहाज आणि किनारा यांची सुरक्षा यादी संध्याकाळीच भरून झाली होती. या यादीत दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी एकत्र फिरून एकेक गोष्ट पाहायची असते: डेकच्या मोऱ्यांना बुचं लावलीत का, नळीखालचं तसराळं रिकामं आहे का, पाण्याच्या नळ्या अंथरून तयार आहेत का, राहत्या भागाची दारं बंद आहेत का, पंप थांबवायची खूण ठरली आहे का. त्यात एक प्रश्न असतो, दोन्ही बाजूंना समजेल अशी भाषा ठरली आहे का. त्यापुढे बरोबरची खूण होती.

दोरखंडांच्या टोळीत कंत्राटावर काम करणारा एक पोरगा होता, माळशिरसकडचा, म्हणजे नीरेच्या पल्याडचा. नळीच्या जोडातून गळती होतेय हे त्याला सर्वांत आधी दिसलं. जवळ दोन माणसं वायरलेस घेऊन उभी होती. एक जहाजावरचा परदेशी अधिकारी, दुसरा किनाऱ्यावरचा ऑपरेटर, दूरच्या राज्यातला, मराठी न कळणारा. पोरग्याने हाताने काहीतरी दाखवलं. त्यांना वाटलं तो पाणी मागतोय. मग तो धक्क्याच्या लांबीभर पळत माझ्यापर्यंत आला. वारा पडलेला होता. मी त्याच्या चपलेचा आवाज ऐकला तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे ओळखलं. तो म्हणाला, "साहेब, थेंब न्हाई, धार लागलीया." मी वायरलेसवर पंप थांबवायला सांगितलं. तोवर तसराळं भरून वाहत होतं आणि नॅफ्थाचा वास पायऱ्यांपर्यंत आला होता. चार-पाच मिनिटं गेली असतील. आग लागली नाही. त्या चार-पाच मिनिटांत कुठे ठिणगी पडली नाही, एवढंच तिचं कारण.

नंतर मी त्याला विचारलं, त्या दोघांना ओरडून का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "कुणाला सांगायचं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं." यादीवरच्या त्या खुणेत खोटं काही नव्हतं. दोन अधिकाऱ्यांना समजणारी भाषा खरंच ठरली होती. ज्याला आधी दिसतं त्याची भाषा मात्र कुणी विचारली नव्हती. पुढे मी एका दुर्घटनेबद्दल वाचलं: आयर्लंडच्या व्हिडी बेटावर ८ जानेवारी १९७९ च्या मध्यरात्रीनंतर 'बेटेलज्यूस' हे फ्रेंच तेलवाहू जहाज धक्क्यालाच फुटलं आणि ५० माणसं गेली. जहाज गंजलेलं होतं, टाक्यांतला भार चुकीचा वाटला गेला होता. चौकशीत हेही निघालं की किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात ज्याने बसायचं तो आग लागली तेव्हा जागेवर नव्हता. धक्का किनाऱ्यापासून तुटक होता, त्यावरच्या लोकांना पळायला वाट नव्हती. मी ते वाचलं तेव्हा मला तो पळत आलेला पोरगा दिसला. त्याला पळायला धक्का होता आणि धक्क्याच्या टोकाला एक मराठी माणूस होता. दोन्ही योगायोगाने.

म्हणून हे पुस्तक मराठीत. मूळ नियम इंग्रजीत आहेत आणि ते चांगले आहेत. १९७८ साली पहिल्यांदा निघालेली आणि २०२० मध्ये सहावी आवृत्ती निघालेली तेलवाहू जहाजांची आंतरराष्ट्रीय सुरक्षा मार्गदर्शिका जगभरच्या धक्क्यांवर वापरतात. आपल्याकडे १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे पेट्रोलियम नियम आहेत. ते राबवणाऱ्या पेसो संस्थेचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. बंदरांवरच्या अग्निसंरक्षणासाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं १५६ क्रमांकाचं मानक आहे. या सगळ्यांची जागा हे पुस्तक घेत नाही, आणि कुणी घेऊही देऊ नये. ते ज्यांच्या टेबलावर आहेत त्यांच्यासाठी मी लिहिलेलं नाही. दोर ओढणारा, नळी जोडणारा, मचव्यावरचा तांडेल, जहाजाला डिझेल पुरवणाऱ्या बार्जवरचा खलाशी, रात्रपाळीचा पहारेकरी, बंबावरचा नवा भरती झालेला जवान आणि आमच्या इंदापूर-माळशिरसहून मर्चंट नेव्हीत जाणारी पोरं, हे माझे वाचक.

शब्दांच्या बाबतीत मी धक्क्याचं ऐकलं आहे. 'फ्लॅश पॉइंट'ला कोशात प्रतिशब्द सापडतात, पण तो शब्द तोंडात बसलेला आहे, म्हणून तसाच ठेवला आणि अर्थ सोडवून सांगितला: ज्या तापमानाला तेल पेटण्याजोगी वाफ सोडू लागतं, ते तापमान. तेवीस अंश सेल्सिअसच्या खाली ते 'अ' वर्ग, तेवीस ते पासष्ट 'ब' वर्ग, पासष्ट ते त्र्याण्णव 'क' वर्ग. आपल्या कायद्याने केलेले हे वर्ग आहेत. निरवांगीच्या हिवाळी पहाटेचं तापमान सोडलं तर आपल्याकडे बहुतेक वर्षभर, निदान दिवसा, हवाच तेविसाच्या वर असते. 'अ' वर्गातलं तेल आपल्याकडे कधी झोपलेलं नसतं, असं मी पोरांना सांगतो. 'स्कपर प्लग'ला मात्र मी मोरीचं बूच म्हटलं आहे. घरी मोरीला बोळा लावल्यावर काय होतं ते सर्वांना माहीत आहे आणि डेकवर ते तसंच हवं असतं, सांडलेलं तेल समुद्रात जाऊ नये म्हणून. 'इनर्ट गॅस'ला लिहिताना निष्क्रिय वायू आणि बोलताना 'आयजी' म्हणतात, पुस्तकात दोन्ही येईल.

इथेनॉलचं एक प्रकरण शेवटी जोडलं आहे. जहाजाच्या पुस्तकात ते का, असं कुणी म्हणेल. आमच्या तालुक्यातल्या रस्त्यावरून हे टँकर रोज जातात, हे एक कारण. दुसरं असं की समुद्रावरचं शहाणपण इथे उपयोगी पडतं, पण सगळं जसंच्या तसं चालत नाही. इथेनॉलची ज्योत भर दुपारच्या उन्हात धड दिसत नाही. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे तेलाच्या आगीवर मारतात तो साधा फेस त्यावर टिकत नाही, त्याला अल्कोहोल सहन करणारा वेगळा फेस लागतो. टँकर उलटला की कॅन घेऊन धावणाऱ्या माणसांना हे कोण सांगणार? दिसत नाही म्हणजे आग नाही, असं त्यांना वाटतं. हे प्रकरण सर्वांत छोटं आहे आणि ते मी चावडीवर वाचून दाखवलं आहे. चुलतभाऊ पुढच्या रांगेत बसला होता. वाचून झाल्यावर त्याने रस्त्याकडेच्या आपल्या हॉटेलातली चूल आणि टँकर थांबतात ती जागा यांत किती पावलं आहेत ते मोजलं आणि चूल दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला नेली.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल दोनच गोष्टी सांगतो. सगळं एका बैठकीत वाचायचा हट्ट धरू नका. ज्या कामावर आहात त्याचं प्रकरण आधी वाचा, मग तुमच्या आधी आणि तुमच्यानंतर जो काम करतो त्याचं. आणि मलपृष्ठाच्या आतलं पान मी कोरं ठेवलं आहे. त्यावर फक्त चार ओळी छापल्या आहेत: नियंत्रण कक्षाचा नंबर, पंप थांबवायची खूण, धोका दिसला तर सांगायचं कुणाला, आणि तो जागेवर नसेल तर कुणाला. प्रत्येक धक्क्यावर याची उत्तरं निराळी असतात, म्हणून ती मला छापता आली नाहीत. पहिल्या पाळीला गेल्यावर, दोराला हात लावण्याआधी, ती विचारून घ्या आणि पेनाने लिहा. ज्याला विचाराल त्याला मराठी येत नसेल तर खुणेने विचारा, पण ओळ भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

निरवांगी, ता. इंदापूर
१४ एप्रिल